दोन रुपयांची दाढी

न्हाव्याच्या दुकानात गोष्टींना तोटा नसतो. खुर्चीत बसलेल्याला हलता येत नाही, बाकड्यावर बसलेल्याला उठायची घाई नसते, त्यामुळे गावात जे घडतं ते शेवटी आमच्या आरशासमोर येऊन पडतं. माझा सगळा जन्म त्या आरशासमोर गेला. जमलेली लग्नं, मोडलेली लग्नं, निवडणुका, विहिरीत सापडलेली माणसं, सगळ्यावर मी बोललो. एकच गोष्ट कधी सांगितली नाही. दुसऱ्या कुणी ती काढली की मी वाटीतलं पाणी बदलायला उठायचो आणि ती संपेपर्यंत हापशावर रेंगाळायचो. गावात ती अशी सांगतात: बौद्धवाड्यातला सुखदेव परळीहून नोकरीचा माज घेऊन आला, दाढी करून घेतली, पैसे द्यायच्या वेळी नडला, शिव्या दिल्या आणि मार खाल्ला. सांगणारे बदलले, तपशील बदलले, शेवट तोच राहिला. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे माहीत असलेला मी आता एकटा उरलो आहे, आणि ती पहिल्यांदा सांगणाराही मीच होतो.

माझ्या नातवानं केजला दुकान टाकलंय. गार हवा, फिरत्या खुर्च्या, भिंतभर आरसे. परवा तिथं बसलो होतो. एक गुत्तेदार चेहऱ्याला काय काय लावून घेऊन उठला आणि बिल ऐकून ओरडला, "आजोबा, तुमच्या नातवानं पार भादरलं की मला!" सगळे हसले. नातूही हसला आणि पन्नास रुपये कमी केले. आता हा शब्द एवढाच उरलाय. हॉटेलवाल्यानं भादरलं, डॉक्टरनं भादरलं, लग्नाच्या मंडपवाल्यानं भादरलं. म्हणजे जादा पैसे घेतले. ज्या घरात हा शब्द भाकरीइतका रोजचा होता त्या घरात मी वाढलो. तिथं तो इतका हलका नव्हता.

मुळात भादरायची ती म्हैस. उन्हाळा तोंडावर आला की आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाड्यावाड्यांतून बोलावणं यायचं. म्हशीचे केस काढले म्हणजे तिला ऊन कमी लागतं. माणसांची हत्यारं आण्णांच्या धोकटीत असत, म्हशीचा वस्तरा वेगळा, गोणपाटात गुंडाळलेला. म्हैस दाव्यानं आखडून बांधायची, मागचे पाय जखडायचे, अंगावर पाण्याच्या बादल्या ओतायच्या आणि मानेपासून सुरुवात करायची. ओल्या कातड्यावरून वस्तरा फिरताना खरखर आवाज येई, म्हैस डोळे पांढरे करी, हिसडा मारी. हिसडा मारला की आण्णा तिच्या नाकपुड्यांत दोन बोटं घालून मुरगाळत. काळ्या कातड्यावर रक्ताची बारीक रेघ उमटे, तिच्यावर मी तेल चोळायचं. सुखदेव तेव्हा माझ्याच वर्गात. शाळेतून येताना तो कुंपणाबाहेर उभा राहून बघायचा. एकदा त्यानं मला विचारलं, "नाम्या, ही म्हैस कुठल्या जातीची बे?" मी म्हणालो, "गावठी." तो म्हणाला, "बरं हाय तिचं. तुझा बाप तिची करतो." बौद्धवाड्यातल्या माणसांची दाढी-हजामत आण्णा करत नसत. त्यांच्यातलाच एक म्हातारा लिंबाखाली बसून कात्री चालवायचा, आणि त्यानं कापलेलं डोकं लांबून ओळखू यायचं. मी त्या दिवशी सुखदेवच्या बोलण्यावर हसलो होतो. तोही हसला होता. आम्हाला दोघांनाही ते विनोदाचंच वाटलं असावं, निदान मला तरी.

दुसरं भादरणं आमचं. "थांब, घरी चल, भादरतो तुला," असं आण्णा म्हणाले की माय चुलीपुढून उठायची आणि धाकट्या बहिणीला घेऊन मागच्या दारानं बाहेर जायची. वस्तऱ्याला धार लावायचा कातडी पट्टा खुंटीला टांगलेला असे. रोज सकाळी त्याच्यावर वस्तरा सपसप फिरायचा, तोच आवाज मी झोपेतून उठताना ऐकायचो आणि काल आपण काही केलं का ते आठवायचो. पाणी सांडलं म्हणून, गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली म्हणून, कधी नुसतं समोर दिसलो म्हणून तो पट्टा पाठीवर उतरला आहे. मारून झालं की आण्णा दमून ओट्यावर बसत आणि स्वतःच विचारत, "जेवलास का?" त्या दिवशी माय येसराची आमटी जास्त तिखट करायची आणि भाकरी कुस्करून माझ्यापुढं ठेवायची. आजही येसराचा वास आला की माझी पाठ आपोआप आखडते. सुनेला हे सांगितलेलं नाही. ती प्रेमानं करते, मी खातो.

तिसरं भादरणं पैशाचं. एस.टी.च्या थांब्याजवळ आण्णांनी पत्र्याचं दुकान टाकलं तेव्हा गावच्या माणसांशी धान्यावर ठरलेलं होतं, सुगीला पायली-दोन पायल्या ज्वारी मिळायची. रोख पैसा बाहेरच्यांकडून. गाडी चुकलेला साहेब, लग्नाला आलेला पाहुणा, बैल घेऊन निघालेला व्यापारी. दाढीचा भाव आठ आणे. माणूस परका आणि घाईत दिसला की आण्णा रुपया सांगत, गालाला दोनदा साबण लावत, मान चोळून देत आणि दीड रुपया घेत. रात्री जेवताना सांगत, "आज एक तहसीलवाला भादरला." यात त्यांना कसबाचा अभिमान होता. गावच्या माणसाबद्दल मात्र हा शब्द चुकूनही तोंडातून यायचा नाही. गावच्या माणसाची दाढी 'करायची'. भादरायचा तो परका, ज्याचं आपण काही लागत नाही, जो उद्या पुन्हा तोंड दाखवायला येणार नाही.

मग वरून कुणीतरी अधिकारी आला. त्यानं चावडीवर सांगितलं की दुकान सगळ्यांना खुलं पाहिजे, कुणाला नाही म्हणाल तर गुन्हा दाखल होईल. आण्णा घाबरले. जमिनी आणि पुढारपण ज्यांच्या घरात होतं त्या अप्पांकडे ते गेले, मी धोकटी घेऊन मागं. अप्पा झोपाळ्यावर बसून पान जमवत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येड्या, न्हाई कशाला म्हणतो? न्हाई म्हणायचंच न्हाई. भाव सांगायचा."

"म्हंजे?"

"दोन रुपये सांग. दिवसभराची मजुरी कोण दाढीवर घालतंय? आपलं आपण उठून जातंय. कायद्यात भाव कुठं लिवलाय?"

आण्णांना ते इतकं पटलं की येताना ते रस्ताभर हसत होते. त्यानंतर बौद्धवाड्यातलं कुणी दारात आलं की आण्णा नम्रपणे म्हणायचे, "या की. दोन रुपये पडतील." येणारा क्षणभर उभा राहायचा, आत बसलेल्यांच्या तोंडाकडे बघायचा आणि निघून जायचा. बाकड्यावरचे खाली बघून हसायचे. एका रात्री आण्णा हेच रंगवून सांगत होते, तेव्हा माय तव्यावरची भाकरी उलटताना म्हणाली, "भाव सांगून हाकलायचं म्हंजे हाकलणंच की वो." आण्णांच्या हातात आमटीनं भरलेली पितळी होती. ती त्यांनी फेकली. मायच्या भुवईवर लागली, रक्त डोळ्यात उतरलं, आमटी चुलीत सांडून राखेचा लोट उठला. तिनं पदरानं डोळा दाबला आणि दुसऱ्या हातानं भाकरी काढली, करपू नये म्हणून. मी जेवत राहिलो.

सुखदेव मॅट्रिक झाला आणि परळीच्या विजेच्या कारखान्यात लागला. मी नववीत शाळा सोडून खुर्चीमागं उभा राहिलो होतो. सुट्टीला आला की तो थांब्यावर उतरायचा, पांढरा शर्ट, हातात घड्याळ, आणि लांबूनच ओरडायचा, "काय बे नाम्या, चाललाय का कारखाना?" मी हात वर करायचो. दुकानात कुणी बसलेलं असेल तर करायचो नाही.

त्या दिवशी दुपारची वेळ होती. आण्णा अप्पांच्या वाड्यावर अप्पांची दाढी करायला गेले होते. दुकानात मी एकटा. सुखदेव आत आला आणि थेट खुर्चीसमोर उभा राहिला.

"तासाभरानं गाडी हाय. केजला पोरगी बघायला चाललोय. दाढी कर."

मी म्हणालो, "दोन रुपये पडतील." पाठ केल्यासारखं तोंडातून गेलं.

"परळीत रोज आठ आण्यात करतो. हितंच दोन रुपये कावून?"

"आण्णांनी भाव ठरवलाय."

"समद्यांला?"

मी फळीवरची वाटी पुसायला घेतली. त्यानं शर्टाच्या खिशातून दोन नोटा काढून आरशापुढच्या फळीवर ठेवल्या. "घे. भादर." तो हे हसत म्हणाला, पण त्याचा आवाज कोरडा पडला होता. मग स्वतःच खुर्चीत बसला, मान मागं टाकली आणि डोळे मिटले.

आमच्या त्या हुशार नियमात एक भोक होतं आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. भाव ऐकून माणूस उठून जातो, इथपर्यंत सगळं ठरलेलं होतं. भाव ऐकून त्यानं पैसे पुढं केले तर काय करायचं, हे ना अप्पांनी सांगितलं होतं ना आण्णांनी. मी नोटा उचलल्या, खिशात घातल्या आणि साबणाचा ब्रश ओला केला. मला वाटतं त्यात थोडा आनंदही होता. आम्ही एका बाकावर बसून शिकलो होतो आणि मी त्याच्या चेहऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा हात लावत होतो. त्याची दाढी राठ होती, हनुवटीवर खळी होती. डावा गाल नीट झाला. मी म्हणालो, "पोरगी कशी हाय?" तो डोळे न उघडता म्हणाला, "शिवण शिकलेली हाय. तोंड अजून कुठं बघितलंय? आधी माझं तर कर नीट." आम्ही दोघं हसलो. उजव्या गालाला वस्तरा लावला तेव्हा दारात सावली पडली.

आण्णा होते, आणि त्यांच्याबरोबर अप्पांचा मुलगा बंडू आणि त्याचे दोन सोबती. बंडू दारातच थांबला. "आण्णा, हे काय चालवलंय? उद्या आमी ह्याच खुर्चीत बसायचं का?" आण्णांचा चेहरा मातीसारखा झाला. त्यांना सुगीची ज्वारी दिसली असणार, बंद पडलेलं दुकान दिसलं असणार. ते माझ्याकडे वळले आणि हळू विचारलं, "पैसे घेतलेस का?"

एवढाच प्रश्न होता. हो म्हणालो असतो तर खुर्ची आम्ही राजीखुशीनं विकल्यासारखं झालं असतं, आणि मग पट्टा होता. नाही म्हणालो तर तो आपणहून घुसून बसला असं होत होतं. मी म्हणालो, "न्हाई. देत न्हाई म्हणतोय. वर शिव्या देतोय."

सुखदेवनं डोळे उघडले. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. रागावला नव्हता, त्याला वाटलं माझी काही चूक होतेय. "नाम्या," तो म्हणाला, "खिशात हायेत की तुझ्या."

बंडूनं खुर्चीच्या पाठीला धरून हिसडा दिला. माझ्या हातात वस्तरा उघडा होता. तो मला वर उचलता आला असता. धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, गिऱ्हाईक हललं की हात वर. माझा हात जागीच राहिला आणि कानापासून जबड्यापर्यंत गाल फाटला. साबणाचा फेस आधी गुलाबी झाला, मग लाल. तो खाली पडला तेव्हा बंडूचे सोबती पुढं झाले. लाथा पोटात बसत होत्या, बरगडीवर बसत होत्या, आणि प्रत्येक लाथेबरोबर पत्र्याचं दुकान हादरत होतं. आण्णांनी बाकड्याची फळी उपसली. ते कुणाहीपेक्षा जास्त मारत होते, बंडूकडे बघत बघत मारत होते. सुखदेवनं डोकं हातांत धरलं होतं. फळी मनगटावर बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. आणि तो एकच वाक्य बोलत होता. "पैसे दिलेत. नाम्याला विचारा. पैसे दिलेत." बाहेर माणसं जमली होती. थांब्यावरची बाया-माणसं, गाडीची वाट बघणारे. ते ऐकत होते. मला त्याला गप्प करायचं होतं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. पाण्यानं भरलेला पितळी तांब्या हाताशी होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या उजव्या कानावर घातला.

तो गप्प झाला. बंडूसुद्धा थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बास, बास. मरंल." त्याच्या आवाजात माझ्याबद्दल एक प्रकारची मान्यता होती. त्यानंतर त्यानं मला कधी 'नाम्या' म्हटलं नाही, 'नामदेवराव' म्हणायला लागला. ते ऐकून माझी छाती फुगायची हेही इथं लिहून ठेवतो.

बौद्धवाड्यातली माणसं बाज घेऊन आली आणि त्याला उचलून नेलं. त्याची माय भागाबाई मागं राहिली. ती ओरडेल, दगड मारेल, असं मला वाटलं. ती दारात वाकली, चिखलात पडलेली त्याची चप्पल उचलली, दुसरी शोधली, सापडली नाही, तशीच गेली.

संध्याकाळी आण्णांनी दुकान धुतलं. मग मला जवळ बोलावलं. मी पट्ट्याकडे बघत पुढं गेलो. त्यांनी माझ्या खिशात हात घातला, दोन ओल्या नोटा बाहेर काढल्या आणि उलटून पालटून बघितल्या. म्हणजे त्यांना कळलं. कदाचित मारतानाही कळलेलं असेल. त्यांनी नोटा गल्ल्यात टाकल्या, झाकण लावलं आणि म्हणाले, "जा, जेव जा." दोन दिवसांनी केजहून हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं, "जे बोललास तेच बोल." मी तेच बोललो. शिव्यांत दोन आणखी घातल्या. भावावरून भांडण, असं ठरलं. अप्पांनी मध्यस्थी केली, प्रकरण मिटलं. सुखदेव हात गळ्यात बांधून परळीला गेला तो पुन्हा गावात राहायला आला नाही. पुढं भागाबाईलाही घेऊन गेला. आमच्या दुकानाला काही झालं नाही. उलट बंडूचे सगळे सोबती आमच्याकडेच यायला लागले, आणि त्यांनीच ती गोष्ट तासून तासून आजची केली.

आण्णा वारले, बंडू वारला. माय शेवटच्या आजारात असताना एकदा म्हणाली, "त्या पोराकडं जाऊन ये." ती गेली आणि मी जायला आणखी किती तरी वर्षं लावली. शेवटी परळीला गेलो ते वैजनाथाच्या दर्शनाचं निमित्त काढून. देवळातून बाहेर आलो आणि विचारत विचारत सुखदेवचं घर गाठलं. निवृत्त होऊन त्यानं लहानसं पक्कं घर बांधलं होतं. अंगणात पेरू होता, त्याच्या पानांवर कोळशाची राख बसलेली. दार त्याच्या बायकोनं उघडलं. केजची ती पोरगी हीच की दुसरी, मला विचारता आलं नाही. मी नुसतं गावाचं नाव सांगितलं. आतून तो आला. केस पिकलेले, दाढी राखलेली, पांढरी आणि दाट. उजव्या गालावर तिच्यातून एक रेघ गेली होती, तिथं केस उगवले नव्हते.

त्यानं मला लगेच ओळखलं. एक खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाला, "बस." बायकोला म्हणाला, "चहा टाक, गावाकडचं माणूस हाय." मी खुर्चीवर बसलो आणि रस्ताभर घोकलेलं बोलायला तोंड उघडलं. तो हात वर करून म्हणाला, "त्या अंगानं ऐकू येत न्हाई. ह्या अंगाला ये."

मी उठलो. खुर्ची उचलून त्याच्या डाव्या बाजूला नेली. तो कान पुढं करून, मान थोडी वाकवून थांबला होता. इतकं जवळून मी त्याला एकदाच बघितलं होतं.

"बोल की," तो म्हणाला. "कावून आलतास?"

मी म्हणालो, "काही न्हाई. दर्शनाला आलतो. म्हणलं, तुला भेटून जावं."

त्यानं कान तसाच पुढं धरून ठेवला. मग मान हलवली आणि पावसाचं विचारलं. चहा प्यायलो. निघताना तो फाटकापर्यंत आला, थांबला, मला आणखी एकदा वेळ दिला. जीप आली आणि मी चढलो. गेल्या हिवाळ्यात तो गेल्याचं कळलं. माती द्यायला मी गेलो नाही, कुठल्या तोंडानं जाणार होतो.

त्याच्या कानाशी जे बोलायचं होतं ते एवढंच होतं. सुखदेव, तू पैसे दिले होतेस. माझ्या खिशात होते. मी खोटं बोललो, आणि तू खरं बोलत होतास म्हणून मी तुला मारलं. तो तांब्या माझा होता. मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतो. मला माफ कर.